अनुभव धागा: गिटार शिकताना सुरुवातीला घोडं कुठे अडलं?

पन्नाशीला टेकल्यावर गिटार घेतली आहे. कुठल्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीला) कुठलं बोट, हे व्हिडिओत हवं तितकं मिळतं. मला वेगळंच विचारायचंय. गिटार धरायची कशी, उजवा हात चालवायचा कसा, आणि अगदी सुरुवातीला तुमचं कुठे अडलं? सल्ले चालतील, पण अनुभव आधी. लिहिते व्हा.

बैठकवाला, ठाणे
भजनाची सवय, त्यामुळे गिटारही सतरंजीवर मांडी घालून घेतली. डावा गुडघा नेमका गिटारच्या मानेच्या (लांब दांडीच्या) आड येतो, मग मान खाली झुकते आणि डाव्या हाताचं अर्धं काम ती उचलून धरण्यातच जातं. बिनहाताच्या खुर्चीवर बसा. गिटारची कंबर उजव्या मांडीवर, मागची बाजू पोटाला टेकलेली आणि उजव्या हाताच्या कोपराखालचं वजन वरच्या कडेवर. आता डावा हात पूर्ण काढून घ्या. गिटार जागची हलली नाही तर बैठक जमली.

आणखी एक: बोटं दिसावीत म्हणून गिटार आकाशाकडे तोंड करून धरू नका, मनगट मुडपतं. मानेच्या वरच्या कडेला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बारीक ठिपके असतात. ते आपल्यासाठीच आहेत.

भांडीघाशी, नाशिक
बोटं!! पोलादी तारा अक्षरशः कापतात. बाकीचं जग 'घट्टे पडतील, धीर धरा' म्हणतं, पण भांडी घासून आल्यावर शेंड्यांची कातडी मऊ झालेली असते आणि तार आणखी रुतते, हे कोणी सांगत नाही. मी आधी रियाज करते, मग सिंक. घरच्यांना हा क्रम पटलेला नाही, पण इलाज नाही. आणि डाव्या हाताची नखं कापावीच लागतात.

तबलजी, बदलापूर
सगळे डाव्या हाताच्या मागे लागतात. माझ्या मते गिटार उजव्या हातात आहे. कॉर्ड बिघडली तर ऐकणारा माफ करतो, ठेका तुटला तर नाही.

क्लासमध्ये सुरुवातीला शिकवतात तो पॅटर्न घ्या: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. मला तो पाठ होईना. मग केरव्याच्या आठ मात्रांवर मांडला. १, ३, ५, ७ ला हात खाली जाणार. २, ४, ६, ८ ला वर येणार, काही झालं तरी. फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तारांना शिवायचं नाही, हात हवेतून जाऊ द्यायचा. केरव्याचा काल (खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात) पाचव्या मात्रेवर येतो आणि इथेही नेमकी तीच मात्रा मोकळी! त्या दिवसापासून मोजणं बंद झालं.

सराव करताना डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवा, दाबू नका. सूर उमटत नाही, 'चक् चक्' असा आवाज येतो. त्यावर ठेका बसला की मगच कॉर्ड. बदलताना बोटं पोहोचली नाहीत तर उघड्या तारांवर एक फटका पडू द्या, पण हात थांबवू नका. पिक (तारा छेडायची चकती) पातळ घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जाड पिक नवख्याच्या हातात तारेत अडकतं.

पेटीवाली, सांगली
तबलजी, केरव्याचं लाखमोलाचं! माझी अडचण सुराची होती. मी काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाते, आणि तिथली कॉर्ड गिटारवर म्हणजे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं. नवशिक्याला कुठलं जमायला? सरांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला आणि जी कॉर्डची ठेवण धरायला सांगितली. जी म्हणजे पांढरी पाच, अर्धा सूर चढला की काळी चार. मग जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्यावर माझी निम्मी भावगीतं निघतात. आमच्या ह्यांचा सूर काळी एक. कॅपो तिथेच, फक्त ठेवण सीची. आता घरात कोणाच्या सुरात म्हणायचं यावर वाद, ते सोडा.

डावखुरा, नागपूर
मी उजव्या हाताचीच गिटार शिकलो. तारा उलट लावून भागत नाही. वरच्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि खालची सॅडलही (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी) तिरकी असते, त्यामुळे वर जाल तसे सूर ढळतात. डावखुऱ्यांची गिटार मागवावी लागते आणि मित्राची उचलून वाजवता येत नाही. डावा हात चपळ असल्याने मला कॉर्ड लवकर जमल्या, स्ट्रमिंग (उजव्या हाताने तारा छेडणं) मात्र अजून लंगडतं.

फोंडेकर
वडिलांची जुनी गिटार. शाळेत असताना तीवर एफ ही कॉर्ड कधीच वाजली नाही, मला वाटायचं बोटांत जोर नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, वरची फळी किंचित वर येते आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. दुरुस्ती करणाऱ्याने सॅडल घासून तारा खाली आणल्या आणि एफ बऱ्यापैकी बोलली. नवीन माणसाने बोटांना शिव्या देण्याआधी गिटार दाखवून घ्यावी. तारा गंजतात तेही वेगळंच, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

न्यू जर्सीकर
फोंडेकर, आमच्याकडे उलटा त्रास. हिवाळ्यात हीटिंगने घर इतकं कोरडं होतं की लाकूड आकसून फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात, तळहाताला टोचतात. केसमध्ये ओलावा देणारी डबी ठेवते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर गिटार खूश.

बैठकवाला, ठाणे
एफवरून आठवलं. सगळं बोट आडवं टाकायची घाई नको. खालच्या चार तारांची छोटी एफ आधी घ्या, वरच्या दोन जाड तारा वाजवू नका. आणि कुठलीही कॉर्ड असो, बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, नटकडच्या बाजूला दाबा. मध्यभागी दाबलं तर दुप्पट जोर लावूनही तार खरखरते.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. खुर्ची बदलली, गिटार पोटाशी बसली. तबलजी, 'चक् चक्' सुरू आहे. दादऱ्याचंही असंच मात्रांवर मांडून द्याल का?