सुपरफ्लुइड डेन्सिटीला 'घनता' म्हणायचं का?

सांदीकोपरा: उच्च तापमानाच्या अतिवाहकांवरचा (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांवरचा) लेख मराठीत करतेय. १९९३ मध्ये व्हँकूवरला हार्डी, बॉन वगैरे मंडळींनी वायबीसीओ या अतिवाहकाच्या स्फटिकात चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरतं ते मायक्रोवेव्ह वापरून मोजलं, तापमान चढवलं तशी खोली सरळ रेषेत वाढली, म्हणजे सुपरफ्लुइड डेन्सिटी (ढोबळमानाने, विनारोध वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण) सरळ रेषेत उतरली, आणि त्यातून पेअरिंग सिमेट्री (इलेक्ट्रॉनांच्या जोडीच्या तरंगाचा आकार आणि अधिक-उणे चिन्ह दिशेनुसार कसं बदलतं ते) डी-वेव्ह नावाच्या प्रकारची असावी असं दिसलं. मी 'अतिप्रवाही घनता' आणि 'जोडीची सममिती' लिहिलं. संपादक म्हणतात, घनता म्हटलं की जडपणा वाटतो. काय करू?

तांबट: घनताच ठेवा ताई. लोकसंख्येची घनता म्हणताना जडपणा कुठे डोक्यात येतो?

अनुस्वार: अहो पण मोजतात ते खोलीच्या वर्गाच्या व्यस्तात, आणि त्यात इलेक्ट्रॉनची संख्या भागिले त्यांचं स्फटिकातलं वस्तुमान असं दोन्ही येतं. नुसती घनता अपुरी पडते. बरेच लोक स्टिफनेस म्हणतात, मग 'ताठरता' का नको?

मधलीआळी: ताठरता माणसाची असते. माझा आक्षेप सममितीला आहे. एस-वेव्ह सगळ्या दिशांना एकाच चिन्हाची, डी-वेव्ह ९० अंशात फिरवली की चिन्ह उलटतं, आणि कर्णाच्या दिशांना तर ती शून्यच होते. 'सममिती' वाचून लोकांना नेमकं उलट वाटणार. 'जोडीचा घाट' म्हणा.

तांबट: घाट शब्द मलाही आवडतो, भांड्याचा घाट आमच्याकडे रोज तोंडात असतो, पण त्यात चिन्ह येत नाही ना. १९९४ मध्ये त्सुई आणि कर्टली यांना तीन स्फटिकांच्या सांध्यावरच्या कडीत अर्धं फ्लक्स क्वांटम (कडीतल्या चुंबकीय फ्लक्सच्या नेहमीच्या एककाच्या निम्मं) सापडलं ते चिन्हामुळेच. सममिती हा गणितातला रुळलेला शब्द आहे, राहू दे.

अनुस्वार: आणि 'जोडी' नको, 'युग्म' लिहा. युग म्हणजे जू, त्याच घरातला शब्द.

मधलीआळी: युग्म कोण बोलतं हो? आणि जुवाला बांधलेले बैल जवळजवळ असतात, अॅल्युमिनियममधल्या जोडीचा पसारा हजार नॅनोमीटरच्या वर जातो. वायबीसीओत तो दोनेक नॅनोमीटर, तिथे फारतर चालेल.

अनुस्वार: जू लांबही असतं, कोळप्याचं बघा, दोन बैलांमध्ये पिकाच्या ओळी जातात.

तांबट: हे बरोबर. पण जू आणि जोखड एकच का? आमच्याकडे शिवळा घालतात त्या जुवातच, जोखड फक्त गुलामीचं म्हणतात.