पोलीस पाटील पद आता बंद करावं का?

कृष्णाकाठ: २०२४ मध्ये पोलीस पाटलांचं मानधन साडेसहा हजारांवरून एकदम १५ हजार झालं. माझं म्हणणं, पद बंद करा आणि त्या पैशात ग्रामीण ठाण्यांना शिपाई द्या. वंशपरंपरेची पाटीलकी १९६३ लाच गेली, तरी १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यात पोलीस पाटील ठेवला कारण तेव्हा गावात ना फोन ना धड रस्ता, खबर पोचवायला माणूस लागायचा. आता ११२ हा मदतीचा फोन नंबर लावला की झालं. आणि भावकीतच मारामारी झाली तर हा माणूस ठाण्यात खरं सांगेल?

डोंगरी: अजिबात पटलं नाही. ११२ ची गाडी तालुक्याहून निघणार, पावसाळ्यात घाट चढून वाडीवर कधी पोचणार? विहिरीत बॉडी दिसली की पहिला फोन पोलीस पाटलाला, तोच लोकांना लांब ठेवतो, ठाण्याला कळवतो, पंचनाम्याला पंच गोळा करतो. बीट अंमलदाराकडे, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या ठाण्याच्या पोलिसाकडे, एवढी गावं, त्यात बंदोबस्त, समन्स, कोर्ट, तो बिचारा महिन्यातून कितीदा फिरकणार सांगा.

कृष्णाकाठ: म्हणूनच तर म्हणतोय, अंमलदार वाढवा ना!

जुनं दप्तर: इंग्रजांनाही हे जमलं नव्हतं. १८६७ ला मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांचा कायदा केला आणि त्याच वर्षी ग्रामपोलिसांचा वेगळा, कारण एसपीच्या हाताखालची फौज गावोगाव पुरणार नाही हे त्यांना दिसत होतं. आजच्या कायद्यातही पोलीस पाटलाने नुसती गुन्ह्याची नाही, गावाच्या आरोग्याची पण खबर द्यायची आहे. हे काम बदलीवर आलेला शिपाई करेल असं मला वाटत नाही.

वैनगंगा: गडचिरोलीकडचं पण बघा. खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी किती पोलीस पाटील मारले. हातात शस्त्र नाही, घर गावातच, रात्री दार वाजलं तर जाणार कुठे? मानधन वाढलं ते चांगलंच झालं, पण पद ठेवायचं असेल तर आधी संरक्षण आणि विमा द्या, नाहीतर कृष्णाकाठ म्हणतात तसं बंदच करा, मी त्यांच्या बाजूने.

डोंगरी: संरक्षण द्याच, त्यावर वाद नाही. पण पद काढून तो धोका शेजारच्या घरावर जाईल, संपणार नाही.

गावकामगार: खरी अडचण वेगळी आहे. नेमणूक प्रांताची (महसुलाचा उपविभागीय अधिकारी), काम ठाण्याचं, मग जाब कुणी विचारायचा? दहावी पास, वय २५ ते ४५, त्याच गावचा रहिवासी, परीक्षा देऊन येतो, आता बाया पण येतात, आणि पुढे ट्रेनिंगच्या नावाने बोंब. ए.डी.ची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, खबर कशी लिहायची हे शिकवा, चुकीची खबर दिली तर काढा.

कृष्णाकाठ: भावकीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. त्याच गावचा हीच अट आहे तोवर मी बंद कराच म्हणणार.