मदत हवी आहे: एक्सेलमधला उपग्रह वरखाली का होतो?

दहावीच्या मुलांना दाखवायचं आहे की 400 किमीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे 4.3 मीटर पडतो, पण 7.67 किमी पुढेही जातो, आणि तेवढ्यात जमीनही तितकीच खाली वळलेली असते. हवेचा रोध धरलेला नाही, पृथ्वी गोल, त्रिज्या 6378 किमी, पायरी (वेग आणि स्थान पुन्हा काढण्यामधलं अंतर) 10 सेकंदांची.

जुन्या वेगाने नवं स्थान काढलं की कक्षा पहिल्याच फेरीत शेकडो किमी बाहेर सरकते. 1 सेकंदाची पायरी घेऊनही शंभरेक किमी. आधी वेग बदलून मग स्थान काढलं, तर कक्षा बंद होते, म्हणजे उपग्रह सुरुवातीच्या जागी परत येतो, पण उंची 360 ते 440 किमी हेलकावते. मॅक्रो (एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) नकोत, शाळेतले संगणक जुने आहेत.

सुरुवातीचा वेग अर्धी पायरी मागे नेऊन, म्हणजे बाहेरच्या दिशेने 43 मी/से. जोडून, हे सुटेल का? मग वेग आणि स्थान अर्ध्या पायरीने वेगळ्या क्षणांचे होतील, म्हणून ऊर्जेच्या रकान्यात लागोपाठच्या दोन वेगांची सरासरी घ्यायची का?