पक्षी आणि मांजर असलेल्या कुटुंबाला पुण्यात भाड्याने घर

प्रश्न : कोथरूड किंवा कर्वेनगर परिसरात आम्ही भाड्याने सदनिका शोधत आहोत. आमच्याकडे बजरीगर या छोट्या विदेशी पोपटांची जोडी, एक कॉकाटील (तुरेवाला विदेशी पोपट) आणि नसबंदी केलेली मांजर आहे. मांजराचे नाव काढताच एजंट फोन ठेवतात. एका घरमालकांनी सोसायटीच्या नियमात प्राणी बसत नाहीत असे सांगितले. या जिवांना सोडून देणे आम्हाला शक्य नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर : सोसायटी आणि घरमालक यांचा विचार वेगवेगळा करावा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाला मात्र नकार देण्याची मोकळीक असते. म्हणून त्यांच्या तोंडी होकारावर विसंबू नये, नोंदणीकृत भाडेकरारातच प्रत्येक प्राण्याचा उल्लेख करून घ्यावा.

उत्तर : मी स्वतः घर भाड्याने देते. मला पक्ष्यांची अडचण वाटत नाही. पण पिंजऱ्याभोवती उडालेली राळ्याची टरफले गॅलरीच्या जाळीत तुंबतात आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. पिंजऱ्याला खालून कापडी झालर लावता, हे आपणहून सांगावे. मांजराची रेबीज लसीकरणाची नोंद सोबत ठेवावी.

उत्तर : पक्षी विदेशी आहेत हेही स्पष्ट करावे. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असल्याने अनेक घरमालक पिंजरा पाहूनच बिचकतात.