तरंगती पवनऊर्जा: नॉर्वेच्या पुरवठादारांनी कुठे उतरावं?

प्रश्न: समुद्री पवनऊर्जेचा जागतिक बाजार वाढतोय, पण टर्बाइन बनवणारे बहुतेक बाहेरचे. तेल-वायू क्षेत्रात मुरलेल्या नॉर्वेजियन कंपनीने कशावर भर द्यावा?

उत्तर १: टर्बाइनच्या मागे लागू नका. पाणी साधारण ६० मीटरपेक्षा खोल गेलं की तळात रोवलेला पाया परवडेनासा होतो आणि तरंगता पाया लागतो. तिथले नांगर, साखळ्या, केबल हा तुमच्या ओळखीचाच माल. नॉर्वेजवळच्या हायविंड टाम्पेन या तरंगत्या पवनप्रकल्पात ११ टर्बाइन आहेत, प्रत्येकीला नांगराशी बांधणारे तीन दोर. तरी नांगर १९च, कारण शेजारच्या टर्बाइन ते वाटून घेतात. हे सक्शन नांगर, म्हणजे खालून उघडे पोकळ नळकांडे. आतलं पाणी पंपाने उपसलं की बाहेरच्या दाबाने तो चिकणमातीत रुततो. मोठा धोंडा आडवा आला की तिरका होऊन अडकतो. म्हणून प्रत्येक नांगराच्या जागी मातीची तपासणी हवीच, तिथे काटकसर नको.

उत्तर २: वीज वाहून नेणाऱ्या केबलला कमी लेखू नका. लाटांबरोबर ती सतत वाकते आणि पायाला जोडलेल्या टोकाशीच धातू थकतो. तिथे वाक रोखणारं आवरण आणि खाली उचल देणारे फ्लोट लागतात. फ्लोटवर शेवाळ-शिंपले चढून वजन वाढतं, ते आराखड्यातच धरा.

उत्तर ३: देखभालही मोठी संधी आहे. हायविंड स्कॉटलंड या तिथल्या समुद्रातल्या तरंगत्या प्रकल्पाच्या पाचही टर्बाइन २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी नॉर्वेत ओढून आणल्या. त्यांचा तरंगता पाया पाण्यात खूप खोलवर जातो, म्हणून किनाऱ्याजवळच खोल, शांत पाणी लागतं; ते नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खोल खाडीत, मिळतं. मात्र अमेरिकेत जहाज पाठवण्याआधी जोन्स कायदा वाचा: तिथल्या दोन ठिकाणांमधली मालवाहतूक परदेशी जहाजाला करता येत नाही.