प्रकरण उघडकीला आल्यावर सगळं विचारावं का?

आळूवडी:
माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी दोन वर्षं चाललेलं प्रकरण उघडकीला आलं. संसार मोडायचा नाही, एवढं दोघांनी ठरवलंय. भांडण आहे ते पुढचं. तिला सगळं ऐकायचंय: कधी, कुठे, काय बोलायचात. तो म्हणतो, "चुकलो, पाया पडतो, पण आता उकरू नकोस." घरची मोठी माणसंही त्याच्याच बाजूने. माझ्या मते, ज्याने लपवलं त्याने कुठे थांबायचं हे ठरवू नये. त्याला आणि त्या बाईला माहीत असलेलं बायकोला आजही माहीत नसेल, तर ते दोघं अजून एका बाजूला आणि ही दुसऱ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास हेच सांगायच्या: भिंत बाहेरच्या माणसापुढे हवी, नवरा-बायकोत नको.

तिरकस:
असहमत. जागा कळली की हॉटेलचं नाव हवं, मग तिने काय घातलं होतं ते. पुढे त्या रस्त्यावरून रिक्षा गेली तरी पोटात गोळा. नवरा-बायकोच्या नात्यावर संशोधन करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमनही नावाजलेलाच, आणि तो शारीरिक तपशील विचारू नका म्हणतो, कारण ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. बाईची झोप आधीच उडालेली असणार, त्यात ही भर कशाला?

आळूवडी:
शारीरिक तपशिलांपुरतंच म्हणतो तो. बाकी काही लपवू नये, हे त्याचंही म्हणणं आहे. सोयीचं तेवढंच उचलू नका.

सह्याद्रीपार:
मी पुरुष, फसवला गेलेला. बायकोने हप्त्याहप्त्याने सांगितलं. आधी "नुसते मेसेज होते", मग "कॉफीला भेटलो", मग खरं काय ते. दर वेळी मी नुकताच सावरलेला असायचो. प्रकरणापेक्षा या हप्त्यांनी जास्त मारलं. सांगायचं तर एकदाच, पूर्ण. मात्र "माझ्यात काय कमी होतं?" हे विचारून काही हाती लागत नाही. उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

तिरकस:
वाईट वाटलं वाचून. तरीही, घरात काही कमी असल्याशिवाय माणूस बाहेर बघत नाही.

आळूवडी:
झालं, आलात मूळपदावर! ग्लास आणि राइट यांच्या १९८५ च्या अभ्यासात बाहेर संबंध असलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के आणि स्त्रियांपैकी ३४ टक्के जणांनी आपला संसार सुखाचा असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेतला आणि जुना अभ्यास आहे, मान्य. पण संधी मिळते, कुणीतरी कौतुकाने बघतं, तेवढ्यावर माणूस वाहवतो. "तूच कमी पडली असशील" म्हणणाऱ्या सासूबाईंना हे कुणीतरी वाचून दाखवा.

वकील_काकू:
व्यवहाराचं बोलते. २७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर व्यभिचार हा गुन्हा उरला नाही, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार घटस्फोटाचं कारण आहेच. शिवाय जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. नवरा तोंड उघडत नाही त्यामागे ही भीतीही असू शकते. नांदायचं असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि समुपदेशकासमोर बोला. पुरावे जमवायचे असतील तर निदान स्वतःशी तसं कबूल करा.

तिरकस:
समुपदेशक मान्य. पण मुदत हवी. रोज रात्री उलटतपासणी झाली तर तो खरं सांगायचं सोडून बायकोला बरं वाटेल ते सांगायला लागेल.

आळूवडी:
मुदत ती ठरवेल, तो नाही. आणि तिने विचारायची वाट का बघावी त्याने? आज ती बाई लिफ्टमध्ये भेटली, हे त्याने आपणहून घरी सांगायला नको?

तिरकस:
थांबा. ती अजून त्याच ऑफिसात आहे?

आळूवडी:
त्याच मजल्यावर.

तिरकस:
मग आपण इथे कशावर वाद घालतोय? आधी त्याला बदली मागायला सांगा, नाही मिळाली तर नोकरी बदलायला. तपशिलांबद्दल माझं मत तेच आहे.