डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा दोनदा घडली का?

प्रश्न (जीवशास्त्र शिक्षिका, इंदूर)

नमस्कार. मी इंदूरमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनएचे द्विगुणन शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न येथे मांडते. रायबोसोम आणि जनुकीय संकेत सर्व सजीवांत मूलतः एकच आहेत. मग डीएनएची नक्कल करणारी मुख्य विकरे जिवाणूंत एका कुळातील आणि आपल्या पेशींत दुसऱ्याच कुळातील कशी? ही यंत्रणा दोनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावी, असे लाइपे, अरविंद आणि कूनिन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले होते. तसे असेल, तर सर्वांच्या समान पूर्वजाचा जनुकसंच डीएनएचा नव्हताच, असे वर्गात सांगावे का?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र)

ताई, तसे ठामपणे सांगू नये, असे माझे मत आहे. फरक खोलवरचा आहे, यात शंका नाही. जिवाणूंचे हेलिकेस (डीएनएचे दोन धागे उलगडणारे विकर) ज्या धाग्यावरून ५′ कडून ३′ कडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावे) सरकते, त्याच्या समोरच्या धाग्यावरून आपले एमसीएम हेलिकेस उलट दिशेने सरकते. प्रायमेज (नक्कल सुरू करण्यासाठी छोटा तुकडा बनवणारे विकर) निराळे आहे, आणि मुख्य पॉलिमरेजचा (नवा धागा जोडत जाणाऱ्या विकराचा) गाभाही निराळा आहे.

मात्र पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारे प्रथिनांचे गोल कडे जरूर पाहावे. जिवाणूंत ते दोन प्रथिनांचे असते आणि प्रत्येकात तीन घड्या (प्रथिनाचे स्वतंत्र घडी पडलेले भाग) असतात; आपल्या पेशींतील पीसीएनए हे कडे तीन प्रथिनांचे असते आणि प्रत्येकात दोन घड्या असतात. म्हणजे दोन्हीकडे घड्या सहाच. प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नाही, पण १९९२ मध्ये जिवाणूच्या आणि १९९४ मध्ये यीस्टच्या कड्याची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही आकार जवळजवळ एकसारखे निघाले. हे कडे उघडून डीएनएभोवती बसवणारी प्रथिनेही दोन्हीकडे एकाच वंशातील आहेत. लांबलचक डीएनएची नक्कल करण्याची गरजच नसती, तर पूर्वजाकडे हे साहित्य कशासाठी असते?

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी, इंदूर)

सरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. मुख्य विकरे मागाहून बदलली जाऊ शकतात, याचा पुरावा आपल्याच पेशींत आहे. मायटोकॉन्ड्रिया जिवाणूंपासून आले, तरी त्यांच्या डीएनएची नक्कल करणारे पॉलिमरेज आणि हेलिकेस टी७ या जिवाणूभक्षी विषाणूच्या विकरांशी नाते सांगतात; मूळ जिवाणूचा संच तेथून नाहीसा झाला आहे.

शिवाय आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय सजीवांतील पॉल-डी या पॉलिमरेजची रचना २०१६ मध्ये उलगडली आणि त्याचा गाभा आरएनए पॉलिमरेजसारखा (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकरासारखा) निघाला; हे विकर सर्व सजीवांत समान आहे. त्यामुळे २०२० मध्ये कूनिन आणि सहकाऱ्यांनीच असे सुचवले की, पूर्वजाकडे पॉल-डीसारखे पॉलिमरेज होते आणि जिवाणूंच्या शाखेत त्याची जागा पुढे दुसऱ्याने घेतली. मला ही मांडणी अधिक पटते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मग डीएनए प्रथम विषाणूंत आला, हे संशोधक फोर्टेर यांचे मत कितपत धरावे?

उत्तर १

गृहीतक म्हणून अवश्य सांगावे. पीबीएस१ या विषाणूच्या डीएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असते. आरएनएकडून डीएनएकडे जाताना मधला टप्पा कसा असू शकेल, हे समजावताना विद्यार्थ्यांना ते उदाहरण द्यावे. मात्र पीबीएस१ हा त्या काळाचा थेट अवशेष आहे, असे त्यावरून ठरत नाही, हेही सोबत सांगावे.